कल्याणच्या पुढे

बंगलोर
१५ फेब्रुवारी १९९८

प्रिय सगुणा,

तुझं संक्रांतीचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इथे सकाळी ऑफिसात शिरते ती बाहेर पडते तेव्हा दिवे लागलेले असतात. मी ज्यांच्याकडे पेइंग गेस्ट आहे त्या बाई माशाचं नाव काढलं तरी नाकाला पदर लावतात. मनुमावशी टोपली घेऊन आमच्या दारात यायची, तिच्या पदराला धरून तू, आणि माझी आई ताजे बोंबील निवडायला बसायची, ते आठवून मी वरणभात गिळते.

आता कामाचं. वागळे इस्टेटच्या ऑफिसात तुमच्या कानावर आलंच असेल. दोन हजार साल उजाडलं की जुने प्रोग्रॅम शेवटची दोन शून्यं बघून १९०० साल समजतील, म्हणून परदेशातल्या बँका घाबरल्यात. आपल्या सुमेरू कंपनीला त्यातलं मोठं काम मिळतंय. काम तेच, तू आणि मी शेजारी बसून सात वर्षं केलं ते: एकेक स्क्रीन उघडायचा, हाताने तारखा आणि आकडे टाकायचे, कुठे चुकतंय ते लिहून काढायचं. पण माणसं खूप लागणार. ऑफिसात तेवढी नाहीत.

म्हणून साहेबांची कल्पना अशी, की दर रविवारी बाहेरची माणसं जमवायची, त्यांना टेस्टिंग शिकवायचं आणि नीट नोंद ठेवायची: कोण येतं, किती नियमित येतं, कुठून येतं. पुणे आणि नाशिकलाही असंच चालू होतंय. ठाणे-कल्याणसाठी मी तुझं नाव दिलं. दुसरं कोणाचं सुचलंच नाही.

साहेबांना सगळं नकाशावर हवंय. कल्याणच्या पुढेसुद्धा माणसं आहेत असं दिसलं तर डोंबिवलीला सेंटर निघेल, आणि ते तुझ्याकडे येईल. मी इथे त्यासाठी भांडते आहे.

ऑफिसच्या ईमेलवर मला काही लिहू नकोस, तो दहाजण वाचतात. घरच्या पत्त्यावर पत्र टाक. मोकळं लिहिता येतं.

मनुमावशीला नमस्कार.

तुझी,
नीला

---

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
८ मार्च १९९८

प्रिय नीला,

सुरुवात केली. डोंबिवली पूर्वेला एका कॉम्प्युटर क्लासची खोली रविवारपुरती मिळाली. पंखा एकच आणि तो मास्तरच्या डोक्यावर. पहिल्या रविवारी मी घाबरलेले, कोणी आलंच नाही तर काय. पण आले, खुर्च्या कमी पडल्या.

शिकवताना मजा आली. सगळ्यांना वाटत होतं प्रोग्रॅम लिहायला शिकवणार. मी म्हटलं, प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे. आपण त्यांच्या चुका धरणारे. बँकेत गेलेलं एखादं खडूस गिऱ्हाईक काय काय करेल ते सगळं करून बघायचं. एकतीस डिसेंबर नव्याण्णव टाकायचा, मग एक जानेवारी टाकायचा, आणि व्याज किती येतं बघायचं. एका बाईच्या खात्यावर शंभर वर्षांचं व्याज जमा झालं तेव्हा सगळा वर्ग हसला.

माणसं सांगते. महिपतराव म्हणून आहेत, राहणारे डोंबिवलीचे, अंबरनाथचा कारखाना बंद पडला तिथले क्लार्क. एका बोटाने टाइप करतात पण जागचे हलत नाहीत. विठ्ठलवाडीची कांता, बी.कॉम. झालेली, बोटं अशी चालतात की मला तू आठवलीस. आणि मालन, खडवलीहून येते. विचार कर, खडवली. नवरा काळुराम रेल्वेत गँगमन आहे. ती म्हणाली, ताई, कसाऱ्याची गाडी चुकली तर मी अर्धा रविवार कल्याण स्टेशनातच असते, पण यादीतून माझं नाव काढू नका. मी म्हटलं, नाव कोण काढतंय, मला तर तूच हवीस. कल्याणच्या पुढची.

तू सांगितलंस तसा जिल्ह्याचा नकाशा आणून भिंतीला लावलाय. येणाऱ्याच्या गावावर टाचणी. नियमित येणाऱ्याला लाल, अधूनमधून येणाऱ्याला पिवळी. ठाणे, कळवा, डोंबिवली इथे तर गर्दीच झाली. कल्याणला लाइन फुटते तिथून पुढे मात्र मोकळं. एकदा नकाशा घरी नेलेला तेव्हा आई म्हणाली, "गो, हे तं खाडीत जाल्याचे खुंट ठोकल्यावानी दिसतंय." मी म्हटलं, हो आई, मासे कुठे आहेत तेच बघतोय.

एकाने विचारलं, आमचा पत्ता, शिक्षण, घरी कोण कोण, हे कशाला हवं? मी सगळ्यांना सेंटरचं सांगून टाकलं. चालेल ना? सांगितल्यावर खोलीत एकदम वेगळंच वाटायला लागलं.

सुमतीकाकूंना भेटले. लेक कधीही येईल म्हणून तुझी खोली रोज झाडतात.

तुझी,
सगुणा

---

बंगलोर
२२ मार्च १९९८

प्रिय सगुणा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. शंभर वर्षांचं व्याज साहेबांना सांगितलं, तेही हसले. पुणे आणि नाशिकच्या लोकांनी नुसते आकडे पाठवलेत. तुझ्या पत्रात माणसं दिसतात.

सेंटरचं सांगितलंस ते ठीकच. अजून कागदावर नाही, पण माणसं टिकायला हवीत ना.

आता जरा पुढचं. ज्यांच्या टाचण्या पिवळ्या आहेत ते का येत नाहीत ते शोधून काढशील? लांब पडतं म्हणून, की घरून विरोध, की तब्येत? घरी फोन आहे का, लग्न ठरलंय का, मूल लहान आहे का? माणूस पुढच्या वर्षी टिकेल की नाही हे यावरूनच कळतं. आणि कल्याणच्या पुढे अजून भर घाल. नकाशा जितका पसरलेला दिसेल तितकं बरं.

तुला त्यांच्या घरी जावं लागेल, पण तुला ते जमतं. तुझ्याशी लोक बोलतात. माझ्याशी कधी बोलायचे नाहीत, आठवतंय ना?

तुझी,
नीला

---

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
३ मे १९९८

प्रिय नीला,

महिनाभर पायाला भिंगरी. शहाड, टिटवाळा, उल्हासनगर, अंबरनाथ सगळीकडे जाऊन आले. नकाशा आता असा दिसतोय की तुझे साहेब खूश होतील. कसाऱ्याच्या बाजूलाही पाच लाल टाचण्या आहेत, त्यातल्या दोन मालनने आणलेल्या. एक तर तिची चुलत नणंदच.

पण मालन स्वतः मध्ये तीन रविवार आली नाही, म्हणून मी खडवलीला गेले. स्टेशनपासून नदीच्या अंगाने चालत. सासू दारातच तांदूळ पाखडत होती. मला बघून मालन एवढी घाबरली की मला वाटलं चुकलंच माझं. मग पाणी आणायचं निमित्त करून ती माझ्याबरोबर नदीपर्यंत आली आणि रडायला लागली.

तिला दिवस गेलेत. याआधी दोनदा झालं आणि दोन्ही वेळा राहिलं नाही. दुसऱ्या वेळी सासूने आधीच वाडीभर सांगून टाकलेलं, आणि मग येणारी-जाणारी प्रत्येक बाई दारात उभी राहून हळहळायची. या वेळी तिने नवरा सोडून कोणाला सांगितलेलं नाही. पाचवा महिना पुरा झाला की सांगू म्हणते. सासूला कळलं तर पहिलं काम बंद होईल, गाडीचा प्रवास आलाच ना. मला म्हणाली, "ताई, ते कॉम्प्युटरसमोर बसते ना, तेव्हा तेवढा वेळ मी भीत नाही. ते सोडायला लावू नका." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, माझ्याकडून कोणाला कळणार नाही. तुला सांगितलं ते वेगळं. तू म्हणजे मीच.

कांताचंही असंच. ती येईना म्हणून विठ्ठलवाडीला गेले. तिला लहानपणापासून फिट येते. गोळ्या चालू आहेत, चार वर्षांत काही नव्हतं, एप्रिलमध्ये एकदा आली. आता बरी आहे. चाळीत कोणाला माहीत नाही. तिची आई माझा हात सोडत नव्हती. म्हणाली, लग्नाचं बघतोय, तुम्ही शहाण्या आहात.

नीला, घरी परत येताना मला फार जड वाटत होतं. माणसं मला इतकं का सांगतात? मी नोंदीत दोघींच्या पुढे "घरगुती कारण" एवढंच लिहिलंय. पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून हे पत्र.

सेंटरचं काय झालं? रोज विचारतात.

तुझी,
सगुणा

---

बंगलोर
२० मे १९९८

प्रिय सगुणा,

बिचारी मालन. वाचून कसंसंच झालं. मला लिहिलंस ते बरं केलंस, एकटीने कुठवर वाहशील?

तिची तारीख साधारण कधीची आहे? आणि कांताची फिट, ती जागरणाने येते का? तिने मोठ्या डॉक्टरला दाखवलंय का? मी इथे ओळखीत विचारेन.

सेंटरचं वरच्या लोकांकडे गेलंय. जुलैपर्यंत कळेल. मी खूप दमले आहे, पत्र लहान आहे, समजून घे.

तुझी,
नीला

---

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
७ जून १९९८

प्रिय नीला,

एवढ्या कामातून तू दोघींची चौकशी केलीस, बरं वाटलं. मालनची तारीख डिसेंबरच्या अखेरीची आहे. कांताला डॉक्टरने जागरण करू नको एवढंच सांगितलंय. आणि गोड बातमी, तिचं जमलं. मुलगा उल्हासनगरचा, प्रेसमध्ये आहे. फिटचं तिला स्वतःच त्याला सांगायचंय, घरच्यांनी नाही. "मी सांगितलं तर तो माझ्याकडे बघत ऐकेल, दुसऱ्याने सांगितलं तर आजाराकडे बघेल," म्हणाली. साखरपुड्याच्या आधी सांगणार आहे.

महिपतरावांनी एका तासात एकाच स्क्रीनवर इतक्या चुका काढल्या की मी त्यांना थांबवून चहा पाजला.

आई विचारते, नीला गणपतीला येणार का. काय सांगू?

तुझी,
सगुणा

---

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१८ ऑगस्ट १९९८

नीला,

जून आणि जुलैत तुझं पत्र नाही. मला वाटलं कामात असशील. परवा रविवारी जे झालं ते तुला आधीच माहीत असणार, तरी मी लिहिते. तू तिथे नव्हतीस, तुला दिसलं नाही.

पर्सोनेलचे दामले साहेब आले होते. आदल्या दिवशी निरोप आला, सगळ्यांना बोलवा, निवड आहे. मी घरोघर निरोप धाडले. मालन नवी साडी नेसून आली होती. कांता डबा घेऊन, कारण दिवसभर चालेल असं मीच सांगितलं होतं.

दामले नकाशासमोर उभे राहिले. म्हणाले, फार छान काम केलंय, बंगलोरला सगळे कौतुक करतायत. मग म्हणाले, काम ठाण्याच्या ऑफिसातच होणार, रात्रपाळीला, अमेरिकेच्या वेळेप्रमाणे. गाड्या बंद झाल्यावर कंपनी घरी सोडणार, तर कल्याणपर्यंतच सोडता येईल. त्यांनी नकाशावर कल्याणवर हात आडवा ठेवला आणि म्हणाले, "याच्या पुढचे आपण धरत नाही." जसं काही हाताने पुसून टाकलं.

मी विचारलं, मग डोंबिवलीचं सेंटर? ते माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "ते तर मार्चमध्येच रद्द झालं. तुम्हाला कळवलं नाही का? नकाशा क्लायंटला दाखवायला हवा होता, आपल्याकडे माणसांचा तुटवडा नाही म्हणून."

मार्चमध्ये. मार्चमध्ये तू मला लिहिलंस, कल्याणच्या पुढे अजून भर घाल.

टिटवाळ्याची एक मुलगी म्हणाली, आम्ही मुलुंडला नातेवाइकांकडे राहू, पण घ्या. मग मालनही उठली. म्हणाली, काळुरामची बदली मागून कळव्याला खोली घेऊ. दामल्यांनी हातातले कागद चाळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मालन म्हणजे खडवली ना? पण तुमची डिलिव्हरी डिसेंबरात आहे. ऐन कामाच्या वेळी तुम्ही नसणार." तिची चुलत नणंद शेजारीच बसलेली. मालनने पदर पोटावर ओढून घेतला आणि खाली बसली.

मग कांता, तीही ठाण्यात राहायला तयार होती. दामले वाईट माणूस नाहीत, हळूच बोलले, पण खोली केवढी आहे. "तुम्हाला फिट येते असं दिसतंय. जागरणाचं काम आम्ही कसं देणार? कंपनीवर जबाबदारी येईल." कांताने डबा पिशवीत घातला, चप्पल घातली आणि गेली. तिच्या मागच्या बाकावर उल्हासनगरच्या दोन मुली होत्या.

मी दामल्यांना विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? तर ते हसून म्हणाले, "नीला मॅडमच्या रिपोर्टमध्ये आहे. तुमच्याच माहितीवरून केलाय असं त्यांनी स्वच्छ लिहिलंय. एवढ्या बारकाईने कोणी माहिती काढली नव्हती."

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. महिपतरावसुद्धा.

नीला, मी नोंदीत "घरगुती कारण" लिहिलं होतं. बाकीचं मी तुला लिहिलं होतं. तुझ्या घरच्या पत्त्यावर.

एकच सांग. ते पत्र तू कोणाला दाखवलंस, की स्वतः बसून उतरवून काढलंस?

सगुणा

---

बंगलोर
६ सप्टेंबर १९९८

प्रिय सगुणा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. पण तू सगळं एका बाजूने बघते आहेस.

पत्र मी कोणाला दाखवलं नाही. तेवढी हलकी मी नक्कीच नाही. साहेबांनी शेरे मागितले. पुण्याच्या माणसाने प्रत्येकापुढे शेरा लिहिला होता, माझ्याकडे निम्म्या लोकांपुढे "घरगुती कारण". साहेब म्हणाले, तुमची मैत्रीण एवढी घरोघर फिरली आणि तिला कारण कळलं नाही? तुझंच काम कमी दिसत होतं. मी एकेक ओळ लिहिली. ती आतल्या लोकांसाठी होती. दामले ती चारचौघांत वाचतील हे मला कसं कळणार?

सेंटरचं मी तुला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर रविवार बंद पडले असते, आणि मग ठाण्यातल्या ज्या लोकांना काम मिळालं त्यांनाही मिळालं नसतं. याचाही विचार कर. दहा-बारा घरं उभी राहिली ती तुझ्या-माझ्यामुळे.

आणि राग मानू नकोस, पण मालनला तू वचन दिलं होतंस ना? मग मला तरी का लिहिलंस?

हे भांडण वाढवू नकोस. ठाण्याच्या रात्रपाळीची प्रमुख म्हणून तुझं नाव पक्कं आहे, मी स्वतः लिहून दिलंय. मनुमावशी आता किती वर्षं टोपली उचलणार? खाडीत काही उरलं नाही हे तूच मला लिहायचीस. ही जागा घे.

ऑक्टोबरात मी डॅलसला जातेय, दोन वर्षांसाठी. तुला आधी सांगायचं होतं, पण असं सांगावं लागतंय. जाण्यापूर्वी चार दिवस ठाण्याला येईन. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला आपण दरवर्षीसारखं जाऊ आणि बोलू. तोवर आईला यातलं काही सांगू नकोस. तिला तू मुलीसारखी आहेस, तिला त्रास होईल.

तुझी,
नीला

---

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
२० सप्टेंबर १९९८

नीला,

तू विचारलंस मी तुला का लिहिलं. हा प्रश्न तुझ्याआधी कांताने विचारला.

मी तिच्याकडे गेलेले. लग्न मोडलं. मुलाकडचे आले होते, आरडाओरडा नाही, चहा घेतला आणि म्हणाले, आजाराचं काही नाही, पण आम्हाला बाहेरून कळलं. मुलगा खाली रिक्षात बसून राहिला, वर आला नाही. ती त्याला पुढच्याच आठवड्यात सांगणार होती. मला म्हणाली, "तुम्ही कोणाला सांगितलंत?" मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीला. ती म्हणाली, "मग मी कोण होते?"

तो प्रश्न घेऊनच मी परत आले. तेवढं माझ्याकडे आहे, ते मी तुझ्यावर ढकलत नाही. पण तुझं तुझ्याकडे ठेव. तू मला तारीख विचारलीस. जागरणाने फिट येते का, म्हणून विचारलंस. मी आईला वाचून दाखवलं ते पत्र, म्हटलं, बघ, इतक्या लांबून काळजी करते. तेव्हा तुला माहीत होतं की रात्रपाळी आहे. तू काळजी करत नव्हतीस, शेरा पुरा करत होतीस.

खडवलीला दोनदा गेले. पहिल्यांदा सासूने दारातच सांगितलं, झोपली आहे. आत बांगड्या वाजत होत्या. सासूला राग दिवस गेल्याचा नव्हता, ती म्हणाली, "माझ्या घरातली गोष्ट डोंबिवलीच्या खोलीत कळते, आणि मला जावेच्या पोरीकडून." ते बरोबरच होतं. दुसऱ्यांदा काळुराम भेटला, स्टेशनातच. म्हणाला, ताई, आता नका येऊ, तिला जपायचंय. मी प्लॅटफॉर्मवर परतीच्या गाडीची वाट बघत बसले. त्याने समोरून चहा धाडला. तो पिताना मला पहिल्यांदा रडू आलं.

तू देऊ केलेली जागा मी घेतली नाही. राजीनामा दिलाय. महिपतरावांना मात्र रात्रपाळीत घेतलं, ते मला विचारायला आलेले, जाऊ का म्हणून. मी म्हटलं, जा, तुम्ही कशाला पाठ फिरवता. कल्याणला एका पतपेढीत कॉम्प्युटर आलाय, त्यांना माणूस हवंय. तिथे लागते आहे. आई अजून टोपली उचलते. तू तिचं वय मला मोजून दाखवायची गरज नव्हती.

नकाशा मी भिंतीवरून काढला. टाचण्या काढताना कागद फाटला. क्लासच्या मास्तरला सांगितलं, रविवार संपले.

सुमतीकाकूंना मी काही सांगितलेलं नाही. तू म्हणालीस म्हणून नाही. काकूंनी मला परवा विचारलं, हल्ली येत नाहीस, नीलाशी काही झालं का? मी म्हटलं, काम आहे. एकाचं दुसऱ्याला सांगून काय होतं ते मी बघितलंय.

तू देवीला ये, तुझ्या आईबरोबर जा. कोळीवाड्यात येऊ नकोस. यायचंच असेल तर विठ्ठलवाडीला ये. मी तुला स्टेशनवर भेटेन आणि कांताच्या दारापर्यंत पोचवेन. आत तू एकटी जा आणि तो शेरा कसा लिहिलास ते तिला सांग.

सगुणा

---

डॅलस
१० जानेवारी १९९९

प्रिय सगुणा,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. दसऱ्याला ठाण्याला आले होते, पण चारच्या जागी दोनच दिवस मिळाले, आणि विठ्ठलवाडीला जाणं काही जमलं नाही. टेंभी नाक्याला गर्दीत मला तू दिसल्यासारखी वाटलीस. हाक मारली, पण ढोलात कुठे ऐकू जाणार. ती तू होतीस का?

इथे माझ्या हाताखाली दोन गोरी मुलं आहेत. चुका शोधायला बसवलं की तासाभरात कंटाळतात. मी त्यांना तुझं आणि माझं सांगते, एका टेबलावर बसून कसं करायचो ते. तुझ्यासारखं शेजारी कोणी नाही, हे मी आता कबूल करते. रात्री घरी आल्यावर बोलायला कोणी नसतं. आईला फोन करते तर ती तुझंच विचारते आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

झालं ते झालं. माझं चुकलं असेल, पण आपली ओळख फ्रॉकमध्ये असल्यापासूनची आहे, ती एका कागदामुळे संपते का? तू पूर्वीसारखं लिही. मोठी पत्रं. कोण काय म्हणालं, कोण कसं आहे, सगळं. मला तिथलं काही कळत नाही.

मालनची मला खूप वेळा आठवण येते. डिसेंबर होऊन गेला. सगळं नीट पार पडलं ना? मुलगा झाला की मुलगी? हे मी मनापासून विचारते आहे, कशासाठी म्हणून नाही.

तुझी,
नीला

---

कल्याण
७ फेब्रुवारी १९९९

श्रीमती नीलाताई यांस,
सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. इकडे सर्व ठीक. आई बरी आहे. पतपेढीचं काम चालू आहे. मी कल्याणलाच खोली घेतली आहे, वरच्या पत्त्यावर पत्र मिळेल. आपण लिहाल त्या प्रत्येक पत्राला मी उत्तर देईन.

टेंभी नाक्याला होते ती मीच. हाक ऐकू आली होती.

मागच्या रविवारी खडवलीला गेले होते. मालनने बोलावलं होतं. दुपारभर तिच्याकडे बसले, तिच्या सासूच्या हातचं जेवले, संध्याकाळच्या गाडीने आले.

मालनला मुलगा झाला की मुलगी, सगळं नीट पार पडलं का, असं आपण विचारलं आहे.

मला माहीत आहे.

आपली,
सगुणा